माझ्या नावाच्या गोळ्या

इलोइलो,
११ ऑक्टोबर, रविवार

प्रिय मानांग पर्पेतुआ,

थोरली बहीण म्हणून दुरूनच तुझा हात कपाळाला लावते. गुडघे कसे आहेत? मठाच्या पायऱ्या चढू नकोस म्हटलं तर तू ऐकशील थोडीच! बिस्कोचोचा डबा पाठवलाय. बाकीच्या सिस्टरांनाही दे.

माझं लेकरू बरं आहे. म्हणजे, आता बरं आहे.

मानांग, दोन वर्षं मी डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलले. दर तीन महिन्यांनी रुमालाने वारा घेत सांगायची, “अजून घाम फुटतो हो, मिस्सातसुद्धा. डोस वाढवा.” पाळी गेल्यावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्या. मी एकही घेतली नाही. सगळ्या लेकराला, तुझ्या आन्सेल्मोला, दिल्या. मैत्रिणींच्या सांगण्यावरून काहीबाही गिळण्यापेक्षा डॉक्टरांच्या बऱ्या, असं वाटलं.

सोमवारी लेकराची पोटरी सुजून दगडासारखी झाली. तसंच दवाखान्यात नेलं आणि सगळं कबूल केलं.

“चौसष्टाव्या वर्षी एवढा डोस, तरी घाम!” बाई कडाडल्या. “मला वाटलं, तू बाई आहेस की बंब? फेलिसा, रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असती तर?”

तपासणीत गाठ निघाली नाही. तोवर माझ्या जपमाळेचा एक मणी पुढे सरकला नव्हता.

“औषध बदलून द्या,” मी म्हटलं. “तिला.”

“नाव?”

माझ्या तोंडून ‘आन्सेल्मो’ निघणार, तोच “सेल्मा,” ती म्हणाली.

बाईंनी माझा कागद फाडला आणि तिच्या नावाचा लिहिला. आता गोळ्या बंद, दंडावर चोळायचं जेल, तेही अगदी थोडं.

आज सकाळी ती खिडकीत दंड वाळवत उभी होती. माझ्या अंगातून जे मुकाट्याने निघून गेलं, तेच तिच्यात येऊन तिला घडवतंय. मला वाटायचं, नऊ महिन्यांत माझं काम संपलं. वेदीपुढचा पडदा सरकताना लहानपणी श्वास अडकायचा, तसा अडकला.

“नानाय, काय बघतेस? भूत पाहिलंस?”

“गप गं. हात नीट वाळव.”

डोस वाढवण्याआधी बाईंना एक हवंय: घरात कुणाला पायात गाठ झाली होती का? आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची, बोर्डिंगात. तिचा सुजलेला पाय शेवटपर्यंत तूच चोळत होतीस. काय झालं होतं तिला, ते तुलाच ठाऊक.

सेल्माची बाप्तिस्म्यातली धर्ममाता तू. तीन वर्षं तू तिची विचारपूस केली नाहीस, मीही विषय काढला नाही. आता उत्तर मला पाठवू नकोस. तिलाच लिही, आणि पाकिटावर तिचं नाव घाल.

तुझी धाकटी,
सेल्माची आई