रडका घोडेस्वार

रविवार, दिग्रस

लकव्यानं बाबांच्या उजव्या हाताची बोटं आखडलीत. डॉक्टर म्हणाले, गेम खेळवा, बोटं हलती राहतील. म्हणून माझा धाकटा भाऊ नितीन आज पुण्याहून टीव्हीवर खेळायचा महागडा गेम घेऊन आला. गेम कसला, सिनेमाच तो! नायक घोड्यावर बसून रडतो, मग आठवणींत रडतो, आणि आपण नुसतं बघत बसायचं. पाऊण तासात बटण दाबलं चारदा. बाबांच्या हातात रिमोट, बोटं तशीच.

"ताई, स्टोरी पाह्य ना, काय भारी हाये!"

"स्टोरी कोणाले पाह्यजे? बाबाचे बोटं हालले पाह्यजेत."

नितीन रुसला. त्या रडक्या घोडेस्वाराचा एवढा कसला पुळका?

शेवटी मी मोबाइलवर साधा विटा फोडायचा गेम लावून दिला. बाबांचा चेंडू तीनदा खाली पडला. चौथ्यांदा पडला तेव्हा त्यांनी अंगठा जोरात आपटला आणि लकव्यानंतर पहिल्यांदाच स्पष्ट बोलले, "अबे, थांब ना!"

मग नितीन त्यांच्याजवळ सरकला. "बाबा, आता मले द्या."

बाबांनी फोन दिला नाही.