होडी पोचवायला

६ नोव्हेंबर १९९८
निघालो एकदाचे! पूल झाल्यापासून मामंजींची होडी रिकामीच. काळू नदीवर जन्मभर माणसं उतरवली, आता पाखरू फिरकत नाही. म्हणून ती खाडीकाठच्या अनंताला द्यायची. त्यांच्या जुन्या दोस्ताचा मुलगा. मी कशाला? तर तळातलं पाणी उपसायला! डबा घेऊन बसलेय, कंबर मोडली. दोन्ही काठांना भातकापणी. बायका विळे थांबवून बघतात — म्हातारा नि विधवा सून, निघाले कुठे!

७ नोव्हेंबर
कातळ, पुन्हा कातळ. होडी ओढून ओढून खांदे सोलले. दुपारी मामंजींचा डोळा लागला. मीठ काढायला त्यांचं बोचकं सोडलं, तर आत हिरवं लुगडं! कोरं. हे गेल्यापासून माझ्या अंगाला हिरवी बांगडीसुद्धा नाही. अनंताची बायको वारली हे गावात कुणाला ठाऊक नाही? पाट लावायला नेतायत मला. दुसरं लग्न! मला विचारलं कुणी?

८ नोव्हेंबर
भांडले. या घरात आल्यापासून पहिल्यांदा तोंड वर करून बोलले. घरात आपण दोघंच, मी गेले तर तुम्हाला भाकरी कोण घालणार? वल्हं न थांबवता म्हणाले, "होडी पाण्यातच बरी, गो. काठावर ठेवली का सुकून फाटते." मग दिवसभर मी नुसतं पाणीच उपसत राहिले. फार थकलेय.

९ नोव्हेंबर
पोचलो. अनंता आधी होडीला हात लावून बघत बसला, मग माझ्याकडे बघून लाजला. माणूस वाईट नाही. मी सरळ सांगितलं — येईन, पण सासऱ्यासकट. इथेच राहतील, माझ्या हातचं खातील. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. पडवी मोकळीच हाय." मामंजी होडीचा दोर खुंटाला बांधत राहिले. मला वाटलं, जिंकले!

१० नोव्हेंबर
तिन्हीसांजेला पाट लागला. पहिलं ताट मामंजींना वाढलं. ते उठून उभे राहिले. "लेकीच्या घरी बाप जेवत नाय, गो."
इतक्या वर्षांत मला कधी लेक म्हणाले नव्हते. पाणीसुद्धा न पिता गावी परतायला मुरबाडच्या एसटीला गेले.