काजल आमच्याकडे राहत नाही

मोताळा,
रविवार

साडूभाऊ भगवानराव यांना हिंमतरावाचा रामराम. छायाताईंच्या गुडघ्याची सूज उतरली असेल अशी आशा. इकडे आम्ही तिघं धडधाकट आहोत. एकमेकांशी बोलत नाही, एवढं सोडलं तर घरात उणं काही नाही. कागदावरचं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल, पण फोनवर लिहायला घेतलं की माझी बोटं माझ्यासारखं लिहीत नाहीत. परवा खतवाल्याला मी ‘उद्या येते हं’ असं पाठवलं. तेव्हापासून तो दुकानात मला खुर्ची देतो.

तुमचा रागाचा निरोप पोचला. तुमच्या साखरखेर्ड्यात बोभाटा झालाय म्हणे, की मोताळ्याच्या हिंमतरावानं एक मुलगी दाखवली आणि तिच्याहून सरस दुसरी घरात लपवून ठेवली. साडूभाऊ, अनुपमाच्या बारशाला तुम्ही इथे चार दिवस मुक्काम ठोकला होता. दुसरी झाली असती तर आम्हाला ते पुन्हा सोसावं लागलं असतं आणि ते मी विसरलो नसतो. तरी तुम्ही विचारता, खरं सांगा, ही काजल कोण?

काजल मी आहे.

तुम्ही आणलेलं स्थळ चांगलं होतं, हे आधी कबूल करतो. तुमच्या शेजारचा कुलदीप, ठिबकचं स्वतःचं दुकान, मान खाली घालून पोहे खाल्ले, निघताना स्वतःची बशी उचलून मोरीत ठेवली. (बशी पाहून आमच्या सत्यभामाबाईंचे डोळे भरून आले. लग्नापासून तिनं असा पुरुष पाहिला नव्हता.) संध्याकाळी अनुपमा म्हणाली, “मले चालते.” आधीच्या तिघांच्या वेळी ती फक्त “चहा गोड होता का?” एवढंच बोलली होती. कुलदीपनं तुमच्यामार्फत तिचा नंबर मागितला. मी नाही म्हणालो. सुपारी फुटल्याशिवाय पोरीनं पोराशी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत.

पण चौकशी करणं ही बापाची रीत. पूर्वी मुलाच्या गावी जाऊन न्हाव्याकडे दाढीला बसलं की त्याच्या सात पिढ्या कळायच्या. आता पोरं गावात नसतात, फोनमध्ये असतात, म्हणून मीही चौकशीला फोनमध्ये गेलो. काजल नावाचं खातं काढलं. माझ्या फोनमध्ये तरुण मुलीचा फोटो एकच, अनुपमाचा, पाठमोरी, मेंदीचा हात वेणीवर. तोच लावला आणि कुलदीपला मेसेज टाकला.

त्याचं पहिलं उत्तर आलं, “ताई, तुमचा मेसेज चुकून आला वाटतं.” दुसरं आलं, “माझं लग्न ठरतंय.” शहाण्या माणसानं तिथेच सुपारी फोडायला पंचमंडळी बोलावली असती. मला वाटलं, इतका सरळ मुलगा असूच शकत नाही, काहीतरी लपवतोय. बाजारात गिऱ्हाईक भेंडीचा शेंडा मोडून कोवळी आहे का बघतं, आणि मोडलेली भेंडी मग दुसरं कोणी घेत नाही. मी जन्मभर भेंडीच विकतो, तरी मोडत गेलो.

अडचण एवढीच होती, की तरुण मुलगी बोलते काय, हे मला ठाऊक नव्हतं. मग जेवताना अनुपमा जे बोलायची ते मी ताटाआड टाइप करू लागलो. ‘आमच्याकडे लाइट पाव्हण्यासारखी येते, चहा पेली का निघते.’ ‘पोरगी पाहाले येनारे पोह्यातले शेंगदाने मोजतात.’ पोरगं हसून हसून बेजार. हळूहळू ‘ताई’ गळालं. मीही फोन वांग्याच्या वाफ्यात नेऊ लागलो. (सत्यभामा म्हणाली, “त्या फोनले हळद लावा अन् बोहल्यावर बसवा.”) तोवर तुमचा निरोप आला, मुलाच्या मनात दुसरी आहे. अनुपमा तुरीच्या शेंगा सोलत होती, सोलत राहिली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, बघा, पकडला की नाही.

पण पकडलेला सुटायला तयार नव्हता. काजल मोताळ्याची, हे मी बोलून गेलो होतो, म्हणून दर बाजाराला तो इथे येऊन फोटोतला हात शोधत बायकांचे हात बघत फिरू लागला. बांगडीवाल्या तानाबाईनं हाकललं त्याला, “बांगड्या घ्याच्या का हात पाह्याचे बे?” मी फुलकोबीच्या ढिगाआड बसलेला, आणि माझ्याच खिशात फोन थरथरतोय, “मी इथेच आहे. तू जवळच आहेस, मला कळतंय.” साडूभाऊ, भुताला घाबरणं सोपं असतं. इथे भूत मीच होतो आणि तरी माझी पाठ भिजली.

मग त्याला त्या फोटोत, हाताच्या मागे, आमच्या अंगणातला निळा ड्रम ओळखू आला, ज्यातल्या पाण्यानं त्यानं पोह्यांनंतर हात धुतले होते. गुरुवारी तो फाटकाशी उभा. मी खिडकीआड. अनुपमा गेली.

“काजलला बोलवा. तुम्ही तिला लपवून ठेवलंय.”

“कोन काजल?”

त्यानं फोन पुढे केला. तिनं वाचलं. पाव्हण्यासारखी लाइट वाचली, शेंगदाणे वाचले, खूप वेळ वाचत राहिली. एकदा फक्त खिडकीकडे बघितलं. मग फोन परत देऊन म्हणाली, “काजल आमच्याकडे राह्यत नाही. पाव्हनी होती, गेली.”

घरात येऊन मला म्हणाली, “बाबा, माहा नंबर देला असता तं तुमाले एवढं टाइप नसतं करा लागलं.” त्यानंतर बोललेली नाही.

छायाताईंना नमस्कार.

आपला,
हिंमतराव

ता. क. – गावात एवढंच सांगा, की आम्हाला मुलगी एकच आहे. काजल कोण, हे कुलदीपला सांगू नका. अनुपमानं बापाची लाज राखली आहे, ती तुम्ही सांडू नका.

ता. क. दुसरा – पत्र खरं तर यासाठी, की अनुपमाला दुसरं स्थळ बघा. चौकशी तुम्हीच करा. मुलाचं नाव, गाव, काहीही मला कळवू नका. ही अट तिनं सत्यभामेकडून कळवली आहे.

ता. क. तिसरा – काजलला आज कायमची बंद करणार होतो. पण पोराचा आत्ताच मेसेज आला, ताप आहे म्हणतो, आणि घरात कोणाला सांगितलेलं नाही. गोळी घेतली का, एवढं विचारतो आणि मग पाकीट डकवतो.