दोन वाजता दिवे लागतात

रविवार, २२ नोव्हेंबर

चि. भोवऱ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकू नकोस. तब्येत बरी आहे, गुडघा सोडून, आणि त्याची कुरकुर तू लहान असल्यापासूनची. ताईचा दर रविवारी फोन येतो. ती म्हणते, तू कामात असतोस. असणारच. मीही हल्ली तुला फोन लावत नाही, तेव्हा तक्रारीला जागा नाही. शिवाय पत्राचं एक बरं असतं, मधेच कुणी "बाबा, मुद्द्यावर या" म्हणत नाही.

तर मुद्दा वाचनालयाचा आहे.

आपल्या चौकातल्या सार्वजनिक वाचनालयात दुपारी एक ते दोन फुकट कार्यक्रम असतात. कधी व्याख्यान, कधी फिल्म. आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं डबा घेऊन येतात, खाता खाता ऐकतात. मधमाश्या, जुने पूल, दातांची निगा, विषय कुठलाही असो, मी जातो. पाण्याचे मीटर वाचत लोकांच्या दारोदार उन्हात फिरलो, आता कुणी सावलीत बसवून शहाणं करतंय तर नाही कशाला म्हणा. शाळेत कवितेच्या तासाला बसायचो तसा पहिल्या बाकावर, म्हणजे पहिल्या खुर्चीवर, बसतो.

व्यवस्था म्हणशील तर आनंदीआनंद. खिडकीचे पडदे पुरते मिटत नाहीत, म्हणून उन्हाची एक पट्टी कायम फिल्मवर पडलेली. अध्यक्ष "दोनच शब्द" म्हणून उठतात आणि शब्दांची मुलंबाळं होईपर्यंत बसत नाहीत. शेजारचे कॅशियर स्टीलचा डबा असा उघडतात की वक्त्याचं निम्मं वाक्य त्या झाकणात जातं. आणि दोन वाजले की दिवे. त्यानंतर सभागृह अभ्यासिकेच्या मुलांचं असतं. शिपाई चाव्यांचा जुडगा दारावर वाजवतो आणि बटणं दाबतो. वक्ता वाक्याच्या मध्यावर असो की नायिका रडण्याच्या, त्याला देणंघेणं नाही.

मागच्या बुधवारी फलकावर लिहिलं होतं, लघुपट, 'दुरुस्ती'. खाली तुझं नाव, आडनावासकट.

मी चष्मा पुसून परत वाचलं. वाचनालयाच्या शिपायाला माहीत, कॅशियरना माहीत, मलाच नाही. तू कळवलं नाहीस. बरं, ते असो.

आत गेलो, अंधार झाला, आणि समोर तुझी आई.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. फोटो आहेत घरात, पण फोटोतली माणसं हलत नाहीत. ही हलत होती. मशीनवर बसून कुणाच्या तरी शर्टाची झिजलेली कॉलर उसवून उलटी लावत होती. दाताने दोरा तोडला आणि तुझ्याकडे बघून म्हणाली, "कॉलर उलटली की माणूस आणखी दोन वर्षं ताठ चालतो." मागे कुणीतरी "वा" म्हणालं. उन्हाची ती मेली पट्टी नेमकी तिच्या हातांवर. उठून पडदा ओढावा असं वाटलं, पण उठलो असतो तर माझीच सावली तिच्यावर पडली असती.

सुट्टीला यायचास तेव्हा कॅमेरा मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसायचास. मला वाटायचं, बिघडला असेल, नीट करत बसलाय.

आणि मग मागच्या खोलीतून आवाज यायला लागला. तिसरीच्या पुस्तकातली नावाड्याची कविता. आमचे गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरून शिकवायचे, तशीच, हेल काढून. मी ऐकत राहिलो. दुसऱ्या कडव्याला कळलं की हा मीच. तू विचारतोस, "आई, हे रोज असं चालतं?" ती म्हणते, "रोज. गिरणी सुरू असल्यासारखं."

सभागृह हसलं. माझ्या कानाशी कॅशियर हसले. म्हणाले, "मागे काय हो ते, रेडिओ?"

"असेल," मी म्हटलं.

तिने कात्री खाली ठेवली. "पण खरं सांगू का तुला," म्हणाली, आणि दिवे लागले.

तू म्हणशील, बाबांना पुन्हा काहीतरी कुरकुरायला मिळालं. मिळालं. प्रत्येक फिल्म दोनदा दाखवतात, म्हणून शुक्रवारी लवकर जाऊन अध्यक्षांना हात जोडले. बोलणं आवरतं घ्या म्हटलं. घेतलं त्यांनी. तर आवाजच येईना. ग्रंथपाल बाई टेबलाखाली वायरी धरून बसलेल्या, वर तुझी आई मुकी. आवाज आला तोवर दुपार निम्मी सरलेली. त्या खेपेला ती एवढंच पुढे सरकली: "पण खरं सांगू का तुला? एक दिवस हा आवाज आला नाही ना, तर..."

चाव्या. दिवे. पोरं आत.

एक दिवस. कुठला? मी शोधतोय. घशाचं ऑपरेशन झालं तो आठवडा? मोठ्या काकांकडे राहिलो होतो ते दिवस? की पेन्शनचे कागद अडकले तेव्हा अबोला धरून बसलो होतो, ते? मी गप्प होतो तेव्हा घरात काय होत होतं ते मला कसं कळणार? ते तिला ठाऊक होतं. तिला विचारायला हवं होतं हे मला तिसऱ्या वर्षी सुचतंय, आणि तेसुद्धा शिपायाने दिवे लावल्यामुळे.

काल, शनिवारी, ग्रंथपाल बाईंकडे गेलो.

"काका, एवढंच ना? शेवट मी सांगते की. मी पूर्ण बघितलीय."

मी कानांवर हात ठेवले. भर वाचनालयात. त्या घाबरल्या.

"बरं, नाही सांगत. ऑफिसात कॉम्प्युटरवर लावून देऊ?"

"नको. सगळ्यांबरोबर बघायचीय."

"मग एकच रस्ता आहे. नुसत्या फिल्मला दोनपर्यंतच सभागृह मिळतं. व्याख्यान असलं तर तीनपर्यंत. फिल्म करणारा येऊन चार वाक्यं बोलला तर ते व्याख्यान धरतो आम्ही. त्या मुलाला ओळखता का तुम्ही?"

"ओळखीतला आहे," मी म्हटलं.

"बोलवाल?"

"येईल असं नाही सांगता येत."

"मग त्यात काम केलेलं दुसरं कुणीही चालेल. पण त्यात त्या बाईंशिवाय दिसतंच नाही कुणी."

मी पिशवी उचलली, जिना उतरलो. खाली वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलो. ती गेली त्या आठवड्यात तू दारात बूट घालता घालता विचारलं होतंस, "बाबा, तुम्ही तिला कधी बोलू दिलंत का?" त्याचं उत्तर मी तीन वर्षं तयार करतोय. चांगलं मुद्देसूद झालं होतं. मी तिला कधी गप्प बस म्हटलं नाही, हा पहिला मुद्दा. पण त्या पडद्यावर ती तुझ्याशी जेवढं सलग बोलली तेवढं माझ्याशी कधी बोलली ते आठवून बघितलं, आणि ते मुद्दे तिथेच टेबलावर राहिले.

परत जिना चढलो. गुडघ्याने शिव्या दिल्या. बाईंना म्हटलं, "मागे ती कविता म्हणतो ना कुणीतरी, तो मी. ती माझी बायको."

बाईंनी हातातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "काका, मी पण हसले होते हो."

"हसण्यासारखंच होतं."

त्यांनी मला डिसेंबरचा पहिला बुधवार दिलाय. वक्ता म्हणून. अट एकच, कविता म्हणायची नाही. सभागृह तीनपर्यंत आपलं.

तेव्हा नियमासाठी तुझी गरज उरली नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणशील बाबांनी अडवून आणलं. तू आला नाहीस तरी फिल्म पूर्ण होईल. पण भोवऱ्या, ती पुढे काय म्हणते ते तुला ठाऊक आहे. चांगलं असेल, नसेलही. तिने ते तुला सांगितलं, मला नाही, आणि त्याला कारण असणार. ते मी परक्या माणसांत बसून ऐकीन, तेवढा धीर आहे. फक्त ऐकून झाल्यावर वळून कुणाकडे बघायचं, ते काही मला सुचत नाहीये.

ये.

या खेपेला गप्प बसून ऐकणारे,
तुझे बाबा