टेकाड उघडे असल्यास

दि. ४ मार्च २०१९. सकाळी पाऊस होता, दुपारी उघडला. मेव्हणा शवकत दूध देऊन गेला. दोन शेजारी साक्षीला आले आहेत.

मी, फरैदून मजीद रसूल, वय ६८, निवृत्त भूगोल शिक्षक, राहणार राणियाजवळ, धरणाच्या तलावाकाठी, हे लिहून ठेवतो. शरीर खंगले आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही.

राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगी शिलान हिची. मोजणीची साखळी व पुस्तके शाळेला द्यावीत. बिट्वेनच्या मैदानाचा मोठा नकाशा मात्र फाडून टाकावा. त्यावरून मी एकदा चुकलो आहे.

धरणाच्या पाण्याखाली गेलेली जमीन शवकतची. पाणी ओसरेल त्या वर्षी त्याने कलिंगडे लावावीत. दहा वर्षे तो माझ्याशी धड बोललेला नाही, ते या वाटणीच्या आड येऊ नये.

माझी पत्नी गेलास २००८ च्या ऑक्टोबरात वारली. दुष्काळ होता. तिच्या बुडालेल्या गावाचे टेकाड उघडे पडले होते आणि तिला तिथे आईशेजारी जागा हवी होती. शवकत म्हणाला, "दाजी, पाणी परत येईल हं." मी नकाशा पसरला. पाण्याचा काठ टेकाडापासून तीन किलोमीटर लांब होता. "आता कुठलं येतंय?" मी म्हणालो.

"नकाशा तुम्ही वाचलाय, पाण्यानं नाही."

या मैदानाला उतार जवळजवळ नाही. पाणी मीटरभर चढले की काठ किलोमीटरभर पुढे सरकतो. हे मी एकतीस वर्षे मुलांना शिकवले. तिला तिथेच पुरले; दीड वर्षात पाणी कबरीवर आले. आता टेकाड फक्त कोरड्या वर्षी, पानगळीत दिसते.

मला तिच्याशेजारी पुरावे. परंतु आमच्यात प्रेत ठेवून घेत नाहीत, त्याच दिवशी पुरतात. त्या दिवशी टेकाड उघडे असल्यासच न्यावे, नसल्यास शिलान म्हणेल तिथे काठावर. गेलासला तिथून हलवू नये. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी तलाव वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने भरलेला असतो.

सकाळी शवकतला हे कलम सांगितले.

"मग ऑक्टोबरपर्यंत कळ काढा की, दाजी. एवढी घाई कसली?"

"माझ्या हातात आहे का ते?"

तो दुधाचे रिकामे भांडे उचलून निघाला.

वरील मजकूर वाचून, समजून सही करतो.
फरैदून मजीद रसूल

साक्षीदार: ओमेर सालिह हमद, जलाल कादिर मीना

साक्षीदार गेले. बूट घालून, पाणी कुठवर आले आहे ते बघायला निघतो.