जावयाच्या प्लेटलेट्स

भालकी

प्रिय जगदेवी आत्या,

तुम्हाला भाचीचे शरणू शरणार्थी. तुमचा गुडघा आता जिने चढू देत असेल आणि म्हैस लाथ मारायची थांबली असेल, अशी आशा करते. आनंदाची बातमी आधी सांगते. तुमच्या भावाचा, म्हणजे आमच्या आप्पांचा, डेंगीचा ताप उतरला आहे आणि ते दवाखान्यातल्या कॉटवर बसून शेजारच्या पेशंटला ऊस लावण्याबद्दल सल्ला देत आहेत. मी फोनच करणार होते, पण तुमचा फोन शिवप्रसाद मामांच्या खिशात असतो, आणि मामा (म्हणजे तुमचे यजमान, आमच्या घरचे थोरले जावई) सध्या माझ्याशी बोलत नाहीत. म्हणून हे पत्र तुमच्या आळंदच्या गाडीच्या कंडक्टरकडे देत आहे.

घडलं ते असं. आप्पांच्या प्लेटलेट्स तीस हजारांवर आल्या, हे मीच घाबरून सगळ्यांना कळवलं. (घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे रिपोर्ट वाचून घाबरण्याचा पहिला मान माझा.) लगेच मामा जीपभर भाऊबंद घेऊन हजर झाले. सगळे अंघोळ करून, विभूती लावून, पूजेला बसावं तसे उपाशीपोटी. (रक्त देणाऱ्यानं खाऊन यायचं असतं, पण ते कोण सांगणार?) मामांनी आप्पांच्या उशाशी नारळ ठेवला आणि शर्टाची बाही वर केली.

डॉक्टर सुधारानी मॅडमनी त्यांना शांतपणे समजावलं. रक्तस्राव होत असेल किंवा आकडा फारच खाली गेला असेल, तर प्लेटलेट्सची पिशवीच जीव वाचवते. मग थांबायचं नाही. पण आप्पांच्या हिरडीतूनसुद्धा रक्त येत नव्हतं. अशा वेळी नुसता आकडा बघून पिशवी लावली तर फायदा काही नाही, उलट थंडी-ताप येतो, अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वासाचाही त्रास होतो. शिवाय शरीरात परक्या प्लेटलेट्सविरुद्ध प्रतिकार तयार झाला, तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा पिशवी लागू पडत नाही.

मामांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे जावयाचं रक्त चालंना व्हय? आणलेला आहेर परत करायलाव?"

आप्पा कॉटवरून म्हणाले, "मॅडम, थोडं तरी लावा की. जावयाचा मान ऱ्हाईल. गांधी उठल्या तर उठू द्या."

मी गप्प बसायला हवं होतं, पण बी.एस्सी. मुलगी अशा वेळी गप्प कशी बसणार? मी म्हणाले, "मामा, तुरीवर अळी नसताना तुम्ही फवारता का?"

"शेजाऱ्यानं फवारलं की फवारतो."

"म्हणून तर तुमच्या तुरीला औषध लागू पडत न्हाई."

यावर भाऊबंद हसले, आणि तेच बाधलं. मामांनी नारळ तिथंच सोडला, चहाही घेतला नाही. "आता भालकीची पायरी चढणार न्हाई, नागपंचमीला आमच्या घरचं कुणी यायचं न्हाई," असं बजावून ते गेले. आत्या, आप्पांच्या प्लेटलेट्स रोज चढत आहेत आणि तोंड रोज उतरत आहे. बहिणीशिवाय पंचमी त्यांनी कधी केलेली नाही. माझं बोलणं खरं होतं, पण खरं बोलण्याआधी समोर जावई आहे का ते बघावं, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. काहीही करा, पण मामांना समजावून परत भालकीला पाठवा.

तुमची,
नेत्रावती

ता. क. कंडक्टर चहा पितो आहे तोवर लिहिते. आत्ताच कळलं, मामा त्या दिवसापासून आळंदला गेलेच नव्हते. जीप तशीच बिदरच्या रक्तपेढीत नेली, वाटेत सगळ्यांना पोटभर उपीट खाऊ घातलं आणि स्वतः प्लेटलेट्स काढणाऱ्या मशीनला हात देऊन बसले. त्या प्लेटलेट्स खरोखरच रक्तस्राव होणाऱ्या एका पेशंटला लावल्या. तो आता सावरतो आहे.

आणखी एक ता. क. मामा पुन्हा इथं आलेत. रक्तपेढी पेशंटचं नाव सांगत नाही, आणि ज्या घरानं आहेर घेतला त्या घरचा चहा घेतल्याशिवाय आपण आळंदला जाणार नाही, तोवर मुक्काम इथंच, असं त्यांचं म्हणणं. आप्पांची अर्धी कॉट त्यांनी घेतली आहे. दोघांच्या गप्पांनी वॉर्डात कुणाला दुपारची झोप नाही. तेव्हा वरचं सगळं रद्द समजा. आता तुम्हीच या आणि मामांना घेऊन जा. पंचमी झाल्यावर नेलंत तरी चालेल.