आबांच्या हयातीत काढलेली मिशी

शिरपूर,
दि. १२ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. कमलअक्कास,

अभिमनचा नमस्कार. दाजींनाही सांग. अक्षर तुझ्या भावजयीचं, प्रमिलाचं आहे, बोलतोय मी. माझ्या बोटांनी पेन सोडून महिना झाला.

आधी हे वाच: आबा ठणठणीत आहेत. तुमच्या असोद्याचा पुना परवा सोयरिकीच्या कामाने इकडे आला होता. माझा सफाचट चेहरा बघून उंबऱ्यातच बसला आणि उपरणं तोंडाला लावून रडू लागला. मागून आबाच चहा घेऊन आले, तेव्हा बिचाऱ्याची बोबडी वळली. तो तिकडे काय सांगेल नेम नाही, म्हणून घाईने लिहितोय.

हो, मिशी काढली. बाप जिवंत असताना. कारण सांगायचं तर एक कबुली द्यावी लागते.

दसऱ्याच्या पत्रात "मशीन झकास चालतं" लिहिलं, ते खोटं होतं. तू आणि दाजींनी एवढं मुंबईहून आणलेलं श्वासाचं मशीन मी धान्याच्या कोठीमागे टाकून दिलं होतं. मास्क नाकावर बसेचना. मिशीतून हवा फुसफुसत डोळ्यांत जायची. पट्टे आवळले तर नाक सोलून निघालं. मशीनशिवाय आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, सकाळी डोकं ठणकायचं. तरी धुळ्याचे डॉक्टर "मिशी काढा" म्हणाले तेव्हा मी नुसतं हूं करून आलो. आबांच्या डोळ्यांदेखत ते कसं करणार? माझ्या हाताने त्यांचं काही वाईट होईल, ही खुळी भीती. माझा जीव गेला तरी चालेल, असं म्हणत होतो, अक्का.

शेवटी प्रमिलानेच आबांना सांगितलं. ते उठले आणि सुपडू न्हाव्याला स्वतः घेऊन आले. सुपडूचा हात उठेना. तेव्हा आबा मला म्हणाले, "मी मरसू तवय मिशी काढाले तू जित्ता पाहिजे ना?" आणि माझी हनुवटी त्यांनीच धरून ठेवली. मी रडलो, लपवत नाही.

आता पट्टे सैल ठेवूनही मास्क बसतो. पहिले आठ दिवस तो दिवसाच लावला, रेडिओ ऐकत अर्धा अर्धा तास. आधी मी मशीनशी भांडायचो. आता ते हवा देतं तशी घेतो. काल उजाडेपर्यंत झोपलो. उठलो तर डोकं हलकं. दुधात कुस्करलेली भाकरी सगळी संपवली, वर प्रमिलाला दोन टोमणे मारले. ती हे लिहिताना हसतेय. मी जिंकलो गं अक्का.

हातापायांची, श्वासाची ताकद खाणारा हा मोटर न्यूरॉनचा आजार जाणार नाही, डॉक्टरांनी साफ सांगितलंय. आबांना खांदा द्यायची ताकदही माझ्यात उरायची नाही. पण "आबा, तुमच्या आधी मी जाणार नाही," असं आज सकाळी मास्क काढून त्यांना ठणकावून सांगितलं. ते म्हणाले, "हळू बोल, बठ्ठं गाव ऐकी राहिनं."

आबांच्या मागे राहणारा,
तुझा अभिमन